न हुंगलेला अनंत

हुंगलेलं फूल देवाला चालत नाही. मराठी घरात हे कुणी मुद्दाम शिकवत नाही, आपोआप अंगात मुरतं. माझ्याही मुरलं होतं. पण माझ्या माहेरी फुलं बाजारातून पुडीत बांधून यायची. पुडीत झेंडू, वर दोन शेवंत्या, आणि झेंडू हुंगायला कोण जातंय? नियम होता, पण त्याचा जाच नव्हता. जाच कशाला म्हणतात ते लग्नानंतर कळलं, आमच्या दारात अनंत लागला तेव्हा.

वसई पूर्वेला आम्ही फ्लॅट घेतला त्या वेळी मुलगी अजून मांडीवर होती. तळमजला शहाणा माणूस घेत नाही. पावसाळ्यात पाणी आत येतं, बारा महिने डास असतात आणि वरच्या चार मजल्यांचं सांडपाणी आपल्या खिडकीखालून जातं. आम्ही घेतला, कारण सासूबाईंच्या गुडघ्यांना जिने नको होते आणि त्यांच्या देवांना घरची फुलं हवी होती. बाल्कनीच्या बदल्यात आम्हाला भिंत आणि कुंपण यांच्यामधली मातीची पट्टी मिळाली. माती आपली म्हणायची. एकेकाळी तिथं भातखाचरं होती, त्यांच्यावर डेब्रिज ओतून बिल्डरनं जमीन केलेली. पहार मारली की फरशीचे तुकडे निघायचे, विटा निघायच्या, एकदा तर फुटक्या बेसिनचा अख्खा काठ निघाला. त्या खड्ड्याकडे बघून सासूबाई म्हणाल्या, इथं अनंत लावायचा. देवगडकडे त्यांच्या माहेरी विहिरीपाशी अनंत होता म्हणे. त्या बोलल्या म्हणजे ते ठरलं.

फांदी आणायला आम्ही दोघी वसई गावात गेलो. बाजारात फुलं विकायला बसणारी एक ख्रिस्ती म्हातारी ओळखीची झाली होती. तिनं आम्हाला आपल्या वाडीवरच बोलावलं. आषाढाचे दिवस, वाडीत केळी आणि पानवेली नुसत्या ठिबकत होत्या. विहिरीच्या कडेला तिचा अनंत होता, चांगला पुरुषभर उंच, फुलांनी भरलेला. तिनं एक फूल तोडलं, डोळे मिटून पोटभर हुंगलं आणि तेच फूल सासूबाईंच्या नाकापुढे धरलं.

"घे बाय, वास घे."

सासूबाईंनी मान फिरवली. देवासाठी लावायचं आहे, म्हणाल्या, आम्ही असं हुंगत नाही. म्हातारीला हसू आलं.

"मंग देवानं तुला नाक नाय दिलंय का?"

सासूबाईंचा चेहरा असा उतरला की मलाच कसंनुसं झालं. मला वाटलं, हिनं देवाधर्माची थट्टा केली ते यांना लागलं. म्हातारीलाही काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं. तिनं दोन फांद्या तोडल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि निघताना मला एवढंच सांगितलं की याला खारं पानी घालू नको, मरंल. परतीच्या रिक्षात सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. मी फांद्या मांडीवर धरून बसले होते.

पहिली फांदी मेली. दुसरी जगली, पण जगून तिनं माझा जो अंत पाहिला तो माझ्या मुलीनंही पाहिला नाही. खारं पाणी घालू नको म्हणे! वसईच्या पूर्वेला गोडं पाणी आणायचं कुठून? नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, तेही करंगळीएवढ्या धारेनं. बाकी सगळं बोअरचं नाहीतर टँकरचं. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही. ते घातलं की अनंताची पानं पिवळी पडायची. शिरा तेवढ्या हिरव्या आणि मधलं पान पिवळंधमक. मग मी नळाचं पाणी आलं की आधी त्याच्यासाठी कळशी भरून बाजूला ठेवायची आणि उरलेल्यात घर चालवायची. स्वतःच्या आंघोळीला अर्धी बादली. पावसाळ्यात पन्हाळीखाली पिंपं लावायची आणि ते पाणी दिवाळीपर्यंत पुरवून पुरवून वापरायची. आंबट ताक पातळ करून घालायची, बिनसाखरेची चहापत्ती मुळाशी पसरायची. ह्यांनी तुंगारेश्वरच्या पायथ्याकडून दोन पोती लाल माती आणून दिली, तेवढाच त्यांचा हातभार. मी दगडांचं आळं करून ती भरली आणि झाड जमिनीपासून हातभर वर उचललं. एका जुलैत सोसायटीत गुडघाभर पाणी साचून राहिलं. घरातले लोक गाद्या पलंगावर चढवत होते आणि मी खुरपं घेऊन झाडाशी पाण्याला वाट काढत होते. ह्यांनी खिडकीतून विचारलं, तुला सासर जास्त प्रिय की ते झाड? उत्तर देण्याइतका मला वेळ नव्हता.

सासूबाईंचाही हातभार होता, नाही असं नाही. देवांच्या अभिषेकाचं पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून त्या ते अनंताच्या मुळाशी ओतायच्या. त्या पाण्यात दूध, दही, साखर, मध. साखरेला मुंग्या आल्या, मुंग्यांनी पांढरी कापसासारखी कीड आणली, आणि पानांच्या मागून काळा चिकटा धरला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी एकदा धीर करून म्हटलं, आई, गोडाचं पाणी तुळशीला घाला ना. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवाला उपाशी ठेवा म्हटलं होतं. तेव्हापासून रविवारी साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून एकेक पान दोन्ही बाजूंनी पुसणं हे माझं काम झालं. मुलीची वेणी घालायला उशीर झाला तरी चालेल, पण अनंताची पानं पुसलेली हवीत.

तर असं ते झाड मी वाढवलं. आणि झाड होतं देवाचं.

पहिलं फूल श्रावणात आलं. आदल्या दिवशी संध्याकाळी कळी पिळाची होती, ओलं फडकं पिळून ठेवावं तशी, टोकाला जरा हिरवी. सकाळी बघते तर पीळ सुटलेला आणि काळ्याभोर पानांत ते पांढरं फूल बसलेलं. मी परडी घेऊन वाकले. वाकले म्हणजे तोंड त्याच्याजवळ गेलंच. तेवढ्यात खिडकीच्या गजांमागून आवाज आला, "हुंगू नकोस गं." आणि मी सरळ झाले. हात लांब करून, मान वळवून, आंधळ्यासारखं चाचपत फूल तोडलं.

त्या दिवशी सासूबाईंनी मला शास्त्र सांगितलं. वाऱ्यावर आपसूक वास आला तर दोष नाही, पण नाक नेलं तर फूल उष्टं. म्हणजे लांबून, गटाराच्या आणि कचऱ्याच्या धुराच्या वासात मिसळून जेवढा येईल तेवढा माझा. जवळचा सगळा देवाचा. मी युक्ती काढली. झाडाजवळ जाण्याआधी श्वास भरून घ्यायचा आणि फुलं तोडून परडी खाली धरेपर्यंत सोडायचा नाही. नाक मुठीत धरून नांदणं म्हणतात ते मी असं रोज सकाळी केलं. बहर भरात असला की एका श्वासात आटपायचं नाही. मग दोन पावलं मागे यायची, तोंड कुंपणाकडे करून श्वास घ्यायची आणि पुन्हा जायची. समोरच्या बिल्डिंगमधली एक बाई ह्यांना म्हणाली होती, तुमच्या मिसेस सकाळी प्राणायाम करतात वाटतं.

हसा. मलाही तेव्हा हसू आलं होतं.

मला त्या झाडाचं एक फूल हवं होतं. दोन नकोत, रोज नको. एकच, ताजं, माझ्यासाठी. आधी नाकाशी धरायचं आणि मग केसांत माळायचं. एकदा मी विचारलंही. अनंत भरपूर फुलला होता, परडी काठोकाठ भरलेली. म्हटलं, आई, आज एक माळू का? त्या म्हणाल्या, देवाचं होऊ दे, मग उरेल त्यातलं घे. उरायचं कुठून? घरचे देव झाले की दत्ताची तसबीर, मग दाराची चौकट, मग बिल्डिंगमधल्या बायका. श्रावणात सगळ्यांना फुलं लागतात आणि सासूबाईंचा हात सढळ. देवासाठी असेल तर न्या, म्हणायच्या, पण हुंगू नका हं. बायका फुलं पदराखाली झाकून न्यायच्या, आणि जिन्याच्या वळणावर त्यातल्या प्रत्येकीचं नाक पदराखाली जायचं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. शनिवारी विरारहून नणंद आली की तिच्यासाठी वेगळी पिशवी. मला मिळायचं ते दुसऱ्या दिवशीचं निर्माल्य, पिवळं पडून कडा तपकिरी झालेलं. अनंताला दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. तो माळला मी दोनचारदा. मग सोडून दिलं.

कुणी म्हणेल, बाई, तिथं बघायला कोण होतं, गुपचूप हुंगायचं होतंस. हुंगलं ना. दुसऱ्याच वर्षी हुंगलं. सासूबाई आंघोळीला गेलेल्या, मी परडीतलं सगळ्यात मोठं फूल घेऊन नाक त्यात खुपसलं. तो वास आजही सांगता येत नाही. लोण्यासारखा गार होता, एवढं आठवतं. त्या बाहेर आल्या, परडी हातात घेतली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "हुंगलं नाहीस ना?" मी नाही म्हटलं. त्याच आठवड्यात मुलीला ताप भरला. पावसाळ्यात आमच्याकडे घरटी एक मलेरिया असतोच, तसा तो मलेरिया होता. पण पोर भाजत होती, उतरतोय उतरतोय म्हणता पुन्हा चढत होती, आणि सासूबाई उशाशी बसून माझ्याकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हुंगलं होतंस का त्या दिवशी?"

मी बीएस्सी आहे. डास कुठला, ताप कशाचा, हे मी दुसऱ्याला समजावून सांगते. पण तापलेलं पोर मांडीवर असलं की बीएस्सी कुठल्या कुठे जाते. मी हो म्हटलं. त्यांनी देवापुढे नाक घासायला लावलं, मी घासलं. मुलगी बरी झाली, ती गोळ्यांनी झाली हे मला माहीत आहे. तरी त्यानंतर मी पुन्हा हुंगलं नाही. अंगावर काटा यायचा.

मुलगी पाचेक वर्षांची झाल्यावर तिनंही केलं. बहराचा शेवट होता, झाडावर एकच फूल. ती उड्या मारत गेली, तोडलं, नाकाला लावलं आणि तसंच नाकाला लावून घरात आली. आजीला दाखवायला. सासूबाईंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं. मला वाटलं, देवाला तर चालणार नाही, आता पोरीलाच देतील. त्या बाहेर गेल्या, फूल झाडाच्या मुळाशी टाकलं आणि नळावर हात धुतले. पोरगी भोकाड पसरून रडायला लागली. मी म्हटलं, आई, उष्टं झालंच होतं, तिला द्यायचं होतं. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "आज दिलं तर उद्या पुन्हा हुंगेल. सवय लागते."

पोरीला ती सवय लागली नाही. ती पुन्हा त्या झाडाकडे फिरकलीच नाही. कॉलेजात गेल्यावर बाटलीतलं अत्तर फवारून घरातून निघायची, आणि सासूबाई तिला कधी काही बोलल्या नाहीत. मला त्याचाही राग यायचा. नातीचं अत्तर चालतं, सुनेचं फूल चालत नाही.

राग यायला कारणं पुष्कळ होती. दिवसभर चालायचं, दूध नासलंय का बघ गं. कालची आमटी आंबली का बघ. पाचूबंदरची कोळीण दारात टोपली उतरवायची तेव्हा भाव सासूबाई करायच्या, पण मासळी ताजी आहे का हे बघायला मला हातातलं काम टाकून यावं लागायचं. स्वतः टोपलीपासून चार हात लांब. गॅसवर दूध करपून घरभर वास पसरलेला असायचा आणि या तिथंच पाटावर बसून जपमाळ ओढत असायच्या. मी धावत येऊन गॅस बंद केला की म्हणायच्या, माझं लक्ष नामात होतं. मी मनात म्हणायची, नाम घ्यायला एक माणूस आणि वास घ्यायला दुसरं. या घरात वास घ्यायचं सगळं काम माझं होतं, एक चांगला वास सोडून.

ह्यांच्याकडे तक्रार केली की ठरलेलं उत्तर, जाऊ दे ना, किती दिवसांची आहे ती. असं म्हणता म्हणता विसाच्या वर वर्षं झाली. मुलगी पुण्याला नोकरीला गेली, माझे केस पिकले आणि अनंत खिडकीच्या वर गेला.

गेल्या श्रावणात सासूबाई वारल्या. चारपाच दिवस अंथरुणाला होत्या, फार हाल झाले नाहीत. शुद्ध होती तोवर रोज विचारत होत्या, आज किती फुलली? मी आकडा सांगायची. देवांना वाहिलीस? वाहिली. शेवटी तो नेहमीचा प्रश्नही विचारायच्या, हुंगलं नाहीस ना, आणि मी नाही म्हणायची. ते खरंच होतं.

सुतक लागलं. देव्हाऱ्याचं दार ओढून घेतलं. देवांना स्नान नाही, फूल नाही. बिल्डिंगमधल्या बायकाही सुतकाच्या घरची फुलं नेत नाहीत. म्हणजे त्या झाडाला लावल्यापासून पहिल्यांदाच कुणी हात लावणारं नव्हतं. आणि त्याला तर कसलं सुतक? तो असा फुलला की पान दिसेना. आज उमललेली पांढरी, कालची सायीच्या रंगाची, परवाची पिवळी, सगळी एकाच वेळी झाडावर. भेटायला येणारी माणसं फाटकातच थबकायची आणि म्हणायची, काय वास सुटलाय, पुण्यवान बाई हो. मी आत चहा गाळत ऐकायची. रोज वाटायचं, आज बाहेर जावं. आता खिडकीत कुणी नाही. पण माणसांची ये-जा होती, कामं होती. आणि खरं सांगायचं तर मी काम शोधून काढत होते.

दहावा उद्यावर आला होता. दुपारी माणसांची रीघ जरा थांबली. नणंद तिचं तीन दिवसांचं सुतक फिटलं तरी रोज विरारहून येत होती, आम्ही दोघी पाय मोकळे करायला बाहेर आलो. मुलगी पुण्याहून आलेली, ती आत खिडकीपाशी लॅपटॉप उघडून बसली होती. नणंद सरळ झाडाकडे गेली. एक फूल तोडलं, दोन्ही हातांत धरलं आणि नाक पार आत घालून हुंगलं. कितीतरी वेळ. ती माझ्यासमोर ते असं कधी करेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. पण तिला कुणी मनाई केली होती? ती लग्न होऊन गेली तेव्हा झाड नव्हतंच. पिशवी तिच्या हातात पडली की तिनं लोकलमध्ये काय केलं ते कोण बघतंय.

ती म्हणाली, "वहिनी, तुझी चैन आहे हं. रोज सकाळी उठून हा वास."

मी आळ्याचा एक सुटलेला दगड पायानं सारखा केला.

"आईच्या नशिबात मात्र नव्हता बघ," ती म्हणाली. "झाड दारात, आणि नाकाला पत्ता नाही."

मी विचारलं, म्हणजे काय? तिनं माझ्याकडे चमकून बघितलं. मग सांगितलं. सासूबाईंना लहानपणी मोठा ताप आला होता, परकर नेसायच्या वयात. त्यातून उठल्या त्या नाक गमावूनच. कसलाच वास यायचा नाही, चांगला नाही की वाईट नाही. सासरी कुणाला सांगितलं नाही. करपलेलं न कळणारी सून कोण ठेवून घेईल, अशी धास्ती. मग लपवायची सवयच होऊन गेली. नवऱ्यालाही फार उशिरा कळलं, मुलांना त्यांच्याकडून कळलं. नणंद म्हणाली, "दादाला माहीत आहे की. तुला बोलला नाही?"

नाही. बोलला नाही.

दूध, आमटी, मासळीची टोपली, सगळं एकामागून एक माझ्या डोळ्यांसमोर आलं. वाडीतल्या म्हातारीचा तो प्रश्नही आला आणि रिक्षातलं ते गप्प बसणंही. मला कीव यायला हवी होती. विहिरीपाशीचा अनंत त्यांना तापाच्या आधीचा आठवत असणार, म्हणून तर हट्टानं तो लावला. वाऱ्यावर येणारा, दोष नसलेला वाससुद्धा त्यांना कधी मिळाला नाही, हेही मला कळत होतं. एरवी मी दुसऱ्याच्या दुःखानं रडणारी बाई आहे. पण कीव आली नाही, राग आला. ज्या उपासात भूकच नाही तो उपास त्या आयुष्यभर करत होत्या आणि पुण्य म्हणून मिरवत होत्या. भूक होती ती माझी. आणि त्यांनी तो उपास माझ्या माथी मारला, तापलेल्या पोराची भीती घालून मारला. इतका राग आला की उद्या दहावा आहे, कावळ्यानं शिवायला हवं, हेसुद्धा मनात आलं नाही.

नणंदेनं ते फूल माझ्या तळहातावर ठेवलं. चहा टाकते म्हणाली आणि आत गेली.

मी एकटीच राहिले. फूल हातात, वर अख्खं झाड. आता ना सासू होती, ना देव उघडे होते. अडवणारं कुणीही नव्हतं. मी फूल वर नेलं. नाकाला पाकळ्या लागल्या, गार होत्या. थोडा वेळ तशीच उभी राहिले आणि मग लक्षात आलं की वास येत नाही. मी श्वास रोखून धरला होता. झाडाकडे येतानाच भरून घेतलेला असणार, रोजच्यासारखा. मनाशी म्हटलं, सोड. सोडला. आता घे. तर मान आपोआप कुंपणाकडे वळली, श्वास तिकडचा घेतला आणि पुन्हा फुलाकडे आले ती श्वास कोंडूनच. पुन्हा केलं. पुन्हा तेच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. त्या गेल्या, खोड माझ्यापाशी ठेवून गेल्या. मला रडू येईल असं वाटलं, पण तेही आलं नाही.

मग मी काय केलं ते मला करून झाल्यावर कळलं. मी वाकले, फूल झाडाच्या मुळाशी टाकलं आणि नळावर जाऊन हात धुतले. पदराला हात पुसत वळले तर मुलगी खिडकीत उभी राहून बघत होती. गजांच्या पलीकडे, आजी उभी राहायची त्याच जागी.

तिनं विचारलं, "आई, फूल का टाकलंस?"

"हुंगलेलं होतं," मी म्हणाले.

तिनं खिडकी लावून घेतली.